एकही खुर्ची रिकामी नाही

“चार दिवस सगळे खेळ हाउसफुल, आणि शुक्रवारी तुम्ही माझा पिक्चर उतरवताय?” निर्मातीनं पर्स वितरकाच्या टेबलावर आपटली.

“काल मी स्वतः आत जाऊन बसलो होतो, मॅडम. सगळ्या थिएटरात चौदा डोकी, तीही तुमच्याच ऑफिसची. कॅन्टीनवाला माशा मारतोय आणि मालक माझ्यावर डाफरतोय.”

“तिकिटं तर सगळी विकली गेली ना?”

“विकली कुठे? तुम्हीच घेतलीत. मला काय दूधखुळा समजता?”

“हो, घेतली,” ती तडकली. “मागच्या पिक्चरला आठवडाभराचा शब्द दिलात आणि रिकाम्या खुर्च्या दाखवून तिसऱ्या दिवशी माझा गाशा गुंडाळलात. दोन वर्षांची मेहनत मातीत घातलीत. या वेळी मी एक खुर्ची शिल्लक ठेवली नाही.”

वितरकानं चष्मा काढून टेबलावर फेकला.

“ठेवायच्या होत्या हो! तिकीट खिडकीवरचा माणूस आत्ता सांगून गेला. रोज साठ-सत्तर जण हाउसफुलचा बोर्ड वाचून घरी जात होते. तुमचाच पिक्चर बघायला आलेले.”