बारके धक्के

वीट पुन्हा सरकली. मच्छिंद्रनं दांडा थांबवला, पट्टी लावली आणि वहीत लिहिलं, अर्धा इंच. सकाळपासूनची ही एकशे बारावी नोंद. खांदा भरून आला होता.

शिरूरच्या भूकंपमापन केंद्रात तो शिपाई होता. पुण्याच्या साहेबांनी फळीवर वीट ठेवून तिला स्प्रिंग जोडली होती; दांडा फिरवला की स्प्रिंग ताणून वीट ओढायची. जमिनीतली भेग अशीच वागते, असं ते म्हणत. ताण साचतो, भेग अडून राहते, मग एकदम सरकते. नंतर त्याच भेगेत पुन्हा ताण साचू लागतो.

दारात आई आणि धाकटा भाऊ ज्ञानदेव येऊन उभे राहिले. सदुसष्टच्या भूकंपात त्यांचं कोयनेकाठचं घर पडलं, बाप गेला. मच्छिंद्र तेव्हा शाळेसाठी इकडं शिरूरजवळ निमोण्याला मामाकडं होता. आई, ताईबाईही मग धाकट्याला घेऊन तिथंच माहेरी येऊन राहिली. ज्ञानदेव मात्र मोठा झाल्यावर कोयनेला परतला, कामाला लागला. जुन्याच जागी त्यानं घर बांधलं होतं. आता तो आईला न्यायला आला होता.

"दादा, बारा वर्सं झाली. बारकं धक्कं रोजचंच हायती. जिमिनीतला जोर समदा निघून गेला."

वाद घालायचं त्राण मच्छिंद्रात उरलं नव्हतं. त्यानं दांडा भावाच्या हातात दिला. "फिरव."

वीट जराशी सरकली. पुन्हा जराशी. पाच वेळा तसंच झालं.

"बघ," ज्ञानदेव हसला.

सहाव्यांदा वीट अडली. दांडा जड झाला, स्प्रिंग ताणत गेली. मग वीट फळी सोडून उडाली आणि फरशीवर आपटून फुटली.

ज्ञानदेवनं दांडा सोडला. "माझी नोकरी तिथं हाय," एवढंच म्हणाला आणि एसटी बघायला रस्त्याकडं गेला.

"आये, बघितलंस न्हवं?" मच्छिंद्र म्हणाला. "तिथं पुन्यांदा हुईल. कवा, ते सायबालाबी सांगता येत न्हाई. तू जाऊ नगंस."

ताईबाईनं पिशवी उचलली. "हुनार, ते मला ठावं हाय."

"मग कशापायी जातीस?"

रस्त्यावरच्या धाकट्याकडं बघत ती हळू आवाजात म्हणाली, "तुझा बाप त्याला काढाया आत गेला हुता, मच्छिंद्रा. मी त्याला निजलेला टाकून एकटीच भाईर पळाले हुते."