खिद्रापूरचे हत्ती

मिरजेत सहाला मार्तंडबुवांचं गाणं होतं. त्यासाठी सोलापूरहून निघालेल्या माधवीताई पाच वाजले तरी खिद्रापूरच्या देवळातच अडकल्या होत्या. इतिहासाचे निवृत्त मास्तर असलेले त्यांचे यजमान, विद्याधरराव, वाटेतलं एकही देऊळ सोडायला तयार नव्हते.

"अहो, चला ना आता. सुरुवातीची आलापी चुकेल," त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"एवढे हत्ती सांगतो आणि निघू. या गृहस्थांनी मुद्दाम विचारलंय."

पायथ्याच्या कोरीव हत्तींपाशी वाकलेले गृहस्थ वळले. माधवीताईंनी त्यांना तत्काळ ओळखलं. कॅसेटच्या वेष्टनावर तीस वर्षं त्यांनी हाच चेहरा पाहिला होता.

"मलाही खरं तर मिरजेला पोचायचंय," मार्तंडबुवा ओशाळून म्हणाले, "पण हे सांगतात इतकं छान, की पाय निघत नाही."

माधवीताईंनी पर्स बाजूला ठेवली आणि पायरीवर ऐसपैस बसल्या.

"सावकाश सांगा हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आज आपल्याला सोडून गाणं सुरू होत नाही."

विद्याधरराव गोंधळून बघत राहिले. बुवांनी हसू दाबलं आणि पुढच्या हत्तीकडे बोट दाखवलं.