वरचा सूर

बेंबळीच्या सुमनबाईंची चैताली सोळा वर्षं जर्मनीत गात होती. चारशे वर्षांपूर्वीची, चर्चमध्ये म्हणायची गाणी ती इतक्या उंच सुरात गायची की तिकडचे लोक सहा-सहा महिने आधी तिकिटं काढून ठेवायचे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. "बोलता येईल, साधं गुणगुणताही येईल. तो वरचा सूर मात्र परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. चैतालीनं मान डोलावली, ठरलेले सगळे कार्यक्रम रद्द केले आणि गावी आली. सुट्टी घेतलीय, एवढंच घरी सांगितलं. तिला रडू आलं नाही. आई वाढेल ते जेवायची आणि अंगणात बसून राहायची.

बुद्धपौर्णिमेला सकाळी आई तिला विहारात घेऊन गेली. वंदना सुरू झाली तशी चैतालीही सगळ्या बायकांसोबत म्हणू लागली, खालच्या, घोगऱ्या आवाजात. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

परतताना सुमनबाईंनी तिचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"दर खेपेला तू गायला लागलीस की आमी समद्या गप व्हायचो, नुसतं ऐकत बसायचो. आज पहिल्यांदा माझ्यासंगं गायलीस बघ."

सुमनबाईंनी पदरानं डोळे पुसले.



"लई बरं वाटलं. आता ह्योच आवाज कायम ठेव, माय."