शिंप्याचं पथ्य

"एक घे रे दादा. एकाने काय होतंय?"

धाकट्याने बटाट्याच्या तळलेल्या कापांचा पुडा थेट शिलाई मशीनवर ठेवला. शिंप्याने तो कात्रीच्या टोकाने बाजूला सारला.

"कापडाला तेल लागेल."

"आणि यकृताला?" काजं-बटणं करणाऱ्या मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या. चौकशी हा त्यांचा जोडधंदा होता.

शिंप्याच्या यकृतावर चरबी साठली होती. वर्षानुवर्षं एका जागी बसून गोड चहा ढोसायचा, दुकान बंद करून जेवायचं आणि जेवल्याजेवल्या आडवं व्हायचं. यकृताने दुसरं करावं तरी काय? शुक्रवारी पुन्हा तपासणी होती. तोवर चरबी उतरली नाही तर पुढचं सगळं अडेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

म्हणून शिंपी आता दिवेलागणीलाच जेवायचा. चहा बिनसाखरेचा. एक पँट शिवून झाली की उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचा. रोज कंबरेला टेप लावायचा. पण गिऱ्हाइकांना खूश करायला मापं कमी सांगायची जन्माची सवय, त्यामुळे स्वतःवर भरवसा नव्हता. मावशींकडून पुन्हा मोजून घ्यायचा.

धाकटा मात्र रोज हजर. कधी तळण, कधी क्रीमचा केक. चपलांचे पट्टे सैल सोडून स्टुलावर बसायचा, तळहात खाजवत आग्रह करायचा. स्वतः तुकडाही तोंडात टाकायचा नाही.

"त्या लोकरीच्या कापडाने खाज सुटते, हात लावू नकोस," मावशी म्हणाल्या. "आणि पिवळट का दिसतोयस?"

"तुमच्या या बल्बखाली पांढरं कापडही पिवळं दिसतं, मावशी."

"ते राहू दे. तू याचा सख्खा भाऊ की वैरी?"

"सख्खा आहे, म्हणून तर आणतो."

मावशींना त्या रात्री नीट झोप लागली नाही.

शुक्रवारी धाकटा दवाखान्यातही सोबत गेला, खिशात पुडा घेऊनच. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला.

"चरबी उतरली. कमाल केलीत."

शिंप्याने सुटकेचा निःश्वास टाकला. धाकट्याचा चेहरा पडला. दवाखान्यातल्या पांढऱ्याफटक उजेडातही त्याचे डोळे पिवळेच होते.

"सोमवारी दोघंही दाखल व्हा," डॉक्टरीणबाई शिंप्याला म्हणाल्या. "तुमच्या यकृताचा तुकडा यांना बसवता येईल."

धाकट्याने खिशातला पुडा मुठीत चुरगळला.

"रोज एक जरी काप खाल्ला असतास ना दादा, तर सुटला असतास."