पातळ ऊन

"इकडचं ऊन म्हणजे नुसतं पाणी घातलेलं ताक," मंजिरी हीटरवर हात ठेवून पुटपुटली. हीटर आजही संध्याकाळ व्हायच्या आत गार पडला होता.

हॅम्बुर्गमध्ये आता ज्याच्या छपरावर जेवढं ऊन, तेवढीच त्याच्या घरात वीज. यंदा त्यांचं छप्पर पुरेनासं झालं होतं. "उत्तरेकडचं ऊन गं आई, पातळच असणार," ओजस त्याच्या नव्या घरातून फोनवर समजवायचा. तिने ते मानलं होतं आणि नवऱ्याच्या, हेमंतच्या पायांवर दुसरी गोधडी घातली होती.

तरी सवय जाईना. मे लागला तसे तिने गॅलरीत ताटभर सांडगे घातले. आज ताट आत आणून तिने एक सांडगा दाताखाली धरला. तो कडकन मोडला.

"हेमंत, दोन उन्हांत वाळले रे! पातळ ऊन असं वाळवतं होय?"

हेमंत गोधडीची शिवण चाचपत राहिला.

"बोल ना. छपरावर काय वेगळा सूर्य उगवतो?"

"ऊन चांगलंच आहे, मंजू," तो म्हणाला. "आपल्या छपराची निम्मी वीज ओजसच्या घरी जाते. परवानगी मीच दिली. तुला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं."