दौलत गुरवांची सनई

नातीच्या लग्नाच्या सकाळी दौलत गुरवांनी मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि त्यांचं अवसानच गळालं. दिवा बंद होता. वर्षभर त्यांच्या जठरात मुक्कामाला असलेली इवलीशी कुपी ॲसिड वाढलं की औषधाचा थेंब सोडायची आणि पट्ट्यावरचा दिवा लागायचा. गेल्या बारा दिवसांत तो एकदाही लागला नव्हता.

कुपी बंद पडली असेल, तर सनई फुंकताच आंबट पाणी घशाशी येणार. त्यापायीच तर तीन वर्षं सनई पेटीत पडून होती.

त्यांनी घाबरतच डॉक्टर निगडेबाईंना फोन लावला. कुपीच्या नोंदी पाहून बाई हसायलाच लागल्या.

“काका, कुपी ठणठणीत आहे. ॲसिड वर येतच नाहीये, मग औषध कशाला सोडेल ती?”

“आपोआप थांबलं?”

“आपोआप कसं? सातच्या आत जेवता, चहा सोडलात, पलंग उशाकडून उंच केलात, नऊ किलो वजन उतरवलंत. थोडं काम कुपीचं, बाकी तुमचं.”

“मग वाजवू?”

“वाजवा की! फोन चालू ठेवा, मलाही ऐकू दे.”

मांडवात स्पीकरवर सनईची रेकॉर्ड चालू होती. दौलतकाकांनी ती बंद करायला लावली आणि सनई ओठांना लावली. पहिला सूर जरा थरथरला. दुसरा थेट रस्त्यापर्यंत गेला.

बोहल्याकडे निघालेली मंजिरी जागीच थबकली.

“आजोबा!” ती ओरडली आणि मुंडावळ्या सावरत, करवल्यांना मागे टाकून त्यांच्याकडे पळत सुटली.