फळ कापायला

आईनं सफरचंद शालीला पुसलं, चावायला गेली आणि कळवळली. पुढचे दोनच दात, तेही हलणारे. रक्त द्यायचं म्हणून सकाळपासून उपाशी, आणि लॅबमधून निघाल्या निघाल्या मागच्या सीटवर तिला हे सापडलेलं.

"सुरी-बिरी आहे का रे गाडीत?"

"गाडीत कुठली सुरी, आई! घर आलंच आता," गाडी चालवता चालवता मुलगा म्हणाला.

सुरी नव्हतीच म्हणा. चाकू होता! चांगला वीतभर, कॅम्पिंगचा, खटका दाबला की पातं बाहेर. पार्किंगवरून वरच्या मजल्यावाल्यानं त्याची कॉलर धरली, तेव्हापासून स्वतःच्या सीटखाली ठेवलेला. वकिलाकडे कामाला असलेल्या मित्रानं वर अक्कल दिलेली, "नुसता नको ठेवू, येड्या! सोबत एक सफरचंद ठेव. कुणी विचारलंच, तर फळ कापायला!" म्हणून ते सफरचंद. आणि आई नेमका तो पुरावाच कुरतडत बसलेली.

पुलाच्या तोंडाशी नाकाबंदी. पोलीस मॅडमनी काच खाली करायला लावली, डिकी बघितली, दार उघडून सीटखाली हात घातला. झालं!

"हे काय?"

"चाकू... फळं कापायला, मॅडम."

"असा? हाताशी, सीटखाली?" मॅडमचा आवाज एकदम गोड. "हे बघा, कशासाठी ठेवलाय त्यावर सगळं असतं. फळासाठी असेल तर घरी जाल. कुणासाठी असेल तर ठाण्यात."

"फळासाठीच! आईला... आईला सफरचंद कापून देतो."

बोलून गेला आणि तिथंच गार पडला.

मॅडमनी मागं बघितलं. आईच्या हातात अख्खं सफरचंद. सालीवर नुसते ओरखडे, उंदरानं कुरतडल्यासारखे. हनुवटीवर रस.

"काय हो मावशी? देतो का कापून?"

आईनं सफरचंद तळव्यात फिरवलं, ओरखडे आत गेले.

"देतो की! बारीक बारीक फोडी करून. आज मीच म्हटलं, राहू दे, दात आहेत अजून."

हसलीसुद्धा. दोन्ही दात दिसले.

मॅडम नाही हसल्या. चाकू मिटून त्याच्या हातात ठेवला. "डिकीत टाका. परत सीटखाली दिसला, तर मावशींना विचारत बसणार नाही."

त्यानं टाकला. पूल संपला, सिग्नल गेला, तरी त्याची आरशात बघायची छाती होईना. कानाच्या पाळ्या नुसत्या पेटलेल्या.

"गाडी बाजूला घे," आई म्हणाली.

घेतली. मागून तिचा हात पुढं आला. हातात ते सफरचंद.

"काढ तो डिकीतून आणि काप. मला खोटं पाडू नकोस."